एकशे अडुसष्ट माणसांची दंतकथा

फ्रान्सिस्को पिझारोचं नाव निघालं की पाठोपाठ एक आकडा येतोच : १६८. बासष्ट घोडेस्वार आणि एकशे सहा पायदळ एवढ्या बळावर या स्पॅनिश सरदाराने १६ नोव्हेंबर १५३२ रोजी आजच्या पेरूमधल्या काहामार्का गावात इंका सम्राट अताहुआल्पाला कैद केलं आणि दक्षिण अमेरिकेतलं सर्वांत मोठं साम्राज्य एका संध्याकाळीत गारद झालं, अशी ही गोष्ट. कोणी ती शौर्यकथा म्हणून सांगतं, कोणी दगाबाजीची कथा म्हणून, तर कोणी पोलाद, घोडे आणि रोगजंतू यांच्या ताकदीचा पुरावा म्हणून. पण एका बाजूला मूठभर युरोपीय आणि दुसऱ्या बाजूला अवघं साम्राज्य, ही मांडणी तिघांनाही मान्य असते. मला खोट दिसते ती नेमकी या मांडणीत. काहामार्काची संध्याकाळ खरी, १६८ हा आकडाही खरा. पण पेरू त्या संध्याकाळी पडला नाही. तो पडायला पुढची चाळीस वर्षं लागली, आणि त्या काळातल्या निर्णायक लढायांत इंकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या फौजांत स्पॅनिश माणसं बहुधा अल्पसंख्यच होती. ज्याला आपण पिझारोचा विजय म्हणतो तो अँडीज पर्वतातल्या लोकांच्या आपसातल्या युद्धाचा शेवट होता. पिझारो त्या भांडणात शिरला आणि त्याने आपली पोळी भाजून घेतली.

पिझारोचा जन्म १४७८च्या सुमारास स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातल्या त्रुहियो गावी झाला. बाप लष्करातला खानदानी माणूस, आई गरीब घरातली मोलकरीण. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे पोराला ना शिक्षण मिळालं ना वारसा. लहानपणी तो डुकरं राखायचा ही प्रसिद्ध कहाणी मात्र जपून घ्यावी. ती लिहून ठेवणारा इतिहासकार गोमारा हा मेक्सिको जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसच्या गोटातला होता आणि पिझारोला हिणवण्यात त्याला रस होता. पिझारोला आयुष्यभर लिहिता-वाचता आलं नाही हे मात्र पक्कं. दस्तऐवजावर तो दोन वळणदार रेघोट्या ओढायचा आणि मधल्या जागेत त्याचं नाव चिटणीस लिहायचा. १५०२ साली तो कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटावर आला. १५१३ साली बाल्बोआ या स्पॅनिश सरदाराबरोबर पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून त्याने प्रशांत महासागर पाहिला, आणि पुढे गव्हर्नरचा हुकूम आला तेव्हा त्याच बाल्बोआला अटक करायलाही तोच गेला. १५१९ मध्ये बाल्बोआचं मुंडकं उडवलं गेलं. पिझारो पनामा शहराचा नगरप्रमुख झाला. काहामार्काला पोचला तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता आणि तीस वर्षं या धंद्यात मुरलेला होता. स्थानिक प्रमुखाला भेटीला बोलवायचं, बेसावध पकडायचं आणि त्याच्याच तोंडून अन्न, सोनं नि हमाल मागवायचे, ही पद्धत त्या तीस वर्षांत स्पॅनिश टोळ्यांच्या अंगवळणी पडली होती. काहामार्कात त्याने जे केलं ते अचानक सुचलेलं धाडस नव्हतं, नेहमीचीच रीत होती. फक्त या वेळी हाती लागलेला माणूस फार मोठा होता.

हा धंदा होता हे विसरून चालणार नाही. पेरूची मोहीम स्पेनच्या राजाने पाठवलेली नव्हती. पिझारो, त्याचा जोडीदार दिएगो दे आल्माग्रो आणि एर्नान्दो दे लुके नावाचा पाद्री यांनी पनामात भागीदारी केली आणि १५२४ मध्ये पहिली सफर काढली, ती फसली. दुसऱ्या सफरीत, १५२६च्या सुमारास, त्यांच्या जहाजाच्या कप्तानाला विषुववृत्ताजवळ व्यापारी मालाने भरलेला एक मोठा तराफा सापडला. त्यावर सोन्याचांदीचे दागिने होते, बारीक विणीचं रंगीत लोकरी कापड होतं. दक्षिणेला एक श्रीमंत राज्य आहे याचा तो पहिला ठोस पुरावा. पुढे माणसं उपासमारीने आणि आजाराने हैराण होऊन परत निघाली, तेव्हा गायो बेटावर पिझारोबरोबर फक्त तेरा जण थांबले, असं सांगतात. १५२९ मध्ये पिझारो स्पेनला गेला आणि राणी इसाबेलाच्या सहीचा करार घेऊन आला. त्यात त्याला न जिंकलेल्या देशाचं गव्हर्नरपद मिळालं. आल्माग्रोच्या वाट्याला एका किल्ल्याची ठाणेदारी आली. ही विषम वाटणी पुढे दोघांच्याही जिवावर उठली. राजसत्तेने कागद दिला, पैसा जवळपास नाही. शिपायांना पगार नव्हता, लुटीत वाटा होता. कोणाला किती वाटा, कोणती जहागीर, कोणता किताब, हे 'मी राजासाठी काय केलं' या हकिकतीवर ठरणार होतं. पिझारोच्या मोहिमेबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं अशाच हकिकतींमधून आलेलं आहे.

ज्या देशात तो उतरला तो तरी एकसंध होता का? इंकांचं राज्य अवाढव्य होतं, पण जुनं नव्हतं. कुस्को शहराभोवतीच्या एका छोट्या सत्तेने पंधराव्या शतकाच्या मध्यापासून जेमतेम शंभर वर्षांत आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंतचा मुलूख ताब्यात घेतला. सुमारे तीस हजार किलोमीटरचे रस्ते, झुलते पूल, धावते निरोपे, ठिकठिकाणी कोठारं आणि दोऱ्यांच्या गाठींमध्ये हिशोब ठेवणारे कारकून यांच्या जोरावर हे राज्य चालत होतं. पण त्याच्या पोटात शेकडो जमाती होत्या. त्यांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, आणि इंकांनी त्यांना जिंकल्याच्या आठवणी अजून ताज्या. कित्येक समूहांना इंकांनी मूळ गावांतून उठवून शेकडो मैलांवर नेऊन वसवलं होतं. त्यातच १५२७च्या आसपास सम्राट वायना कापाक साथीत मरण पावला, ठरलेला वारसही गेला, आणि दोन सावत्र भावांमध्ये युद्ध पेटलं. वास्करच्या पाठीशी कुस्कोचे मानकरी होते. अताहुआल्पाच्या पाठीशी उत्तरेची सरावलेली फौज. १५३२ मध्ये अताहुआल्पाच्या सेनापतींनी वास्करला पकडलं आणि कुस्कोत त्याच्या नातलगांची कत्तल केली. वास्करची बाजू घेणाऱ्या उत्तरेतल्या कान्यारी लोकांनाही अताहुआल्पाने निर्दयपणे चिरडलं. पिझारो किनाऱ्यावरून डोंगर चढू लागला तो नेमका याच वेळी.

आता काहामार्काची ती संध्याकाळ. शहरापासून थोड्या अंतरावर अताहुआल्पाच्या छावणीत हजारो सैनिक होते. दीडशे-पावणेदोनशे परकी माणसांची त्याला धास्ती वाटली नाही. ती कुठून आली, त्यांच्या जनावरांचा उपयोग काय, हे पाहून मग त्यांची वासलात लावावी असा त्याचा बेत होता. भेटीला तो पालखीतून आला. पुढे रस्ता झाडणारे, गाणारे, नाचणारे सेवक. बरोबर हजारो माणसं, पण युद्धाची हत्यारं जवळपास नाहीत. चौक तिन्ही बाजूंनी लांबलचक इमारतींनी बंदिस्त होता आणि त्या इमारतींत घोडे नि माणसं दडून बसली होती. व्हिसेन्ते दे वाल्व्हेर्दे हा धर्मगुरू दुभाष्याला घेऊन पुढे झाला, त्याने धर्माच्या चार गोष्टी सांगितल्या आणि हातातलं पुस्तक पुढे केलं. अताहुआल्पाने ते पाहिलं आणि फेकून दिलं. तोफेचा बार झाला, घोडे चौकात घुसले. पालखी वाहणारे मानकरी कापले गेले तरी त्यांच्या जागी दुसरे येऊन खांदा देत होते, असं स्पॅनिश साक्षीदारच सांगतात. अंधार पडेपर्यंत मेलेल्यांचे आकडे वेगवेगळ्या बखरींत दोन हजारांपासून सात हजारांपर्यंत दिले आहेत. पिझारोच्या शिपायांपैकी एकही मेला नाही. याला लढाई म्हणण्यापेक्षा बंदिस्त जागेत निःशस्त्र माणसांची केलेली कत्तल म्हणणं अधिक बरोबर.

इथे पहिला आक्षेप येतो : काहीही म्हणा, सम्राट तर या १६८ जणांनीच पकडला ना? पकडला, आणि त्यात कोणा स्थानिक मित्राचा हात नव्हता. पण सम्राट पकडणं आणि साम्राज्य जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतरचे आठ महिने पिझारो काहामार्कात बसून राहिला. सुमारे बावीस फूट लांब आणि सतरा फूट रुंद खोली पुरुषभर उंचीच्याही वरपर्यंत एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून देण्याचं अताहुआल्पाने कबूल केलं. ते सोनं गोळा केलं इंकांच्याच यंत्रणेने, अताहुआल्पाच्या हुकमावरून, इंकांच्या रस्त्यांनी. वितळवल्यावर सुमारे सहा टन सोनं आणि बारा टनांच्या आसपास चांदी भरली. या काळात देशभर अताहुआल्पाच्या फौजा जिवंत होत्या. त्याच्या सेनापतींपैकी किस्किस कुस्कोत, रुमिन्यावी उत्तरेला आणि चाल्कुचिमाक मधल्या हाउहा गावी तळ देऊन होता. त्यांनी हल्ला का केला नाही? एक कारण, राजाच्या जिवाला धोका होता. दुसरं कारण फारसं सांगितलं जात नाही : किस्किस आणि चाल्कुचिमाक स्वतःच परमुलखात बसलेले विजेते होते. त्यांच्या आजूबाजूची प्रजा त्यांच्या पराभवाची वाट पाहत होती. पुढे अताहुआल्पाच्या हुकमावरून कैदेतल्या वास्करला मारण्यात आलं, आणि २६ जुलै १५३३ रोजी पिझारोने अताहुआल्पालाही गळा आवळून मारलं. आठ-नऊ महिन्यांत दोन्ही दावेदार संपले. कुस्कोच्या मानकऱ्यांना हे परके लोक शत्रूचा काटा काढणारे मदतनीस वाटले असतील तर नवल नाही. वास्करच्याच बाजूचा राजपुत्र मान्को स्वतःहून पिझारोला येऊन मिळाला, आणि नोव्हेंबर १५३३ मध्ये पिझारो कुस्कोत शिरला तो त्याला बरोबर घेऊनच.

पण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा कुस्कोत मिळत नाही, तो हाउहाच्या खोऱ्यात मिळतो. तिथे वांका लोकांची वस्ती होती. इंकांनी त्यांना दोन-तीन पिढ्यांपूर्वी जिंकलं, डोंगरमाथ्यांवरची त्यांची तटबंदीची गावं ओस पाडून त्यांना खाली खोऱ्यात उतरवलं, आणि तिथेच आपलं मोठं ठाणं नि हजारावर कोठारं उभारली. स्पॅनिश आले तसे वांकांचे प्रमुख त्यांना मिळाले. हे आपल्याला कळतं ते वांकांच्याच तोंडून. १५५०च्या दशकाच्या अखेरीस आणि १५६०च्या दशकाच्या आरंभी हे प्रमुख लिमाच्या न्यायालयात गेले, गाठींच्या दोऱ्या समोर ठेवल्या आणि १५३३ पासून आपण स्पॅनिशांना काय काय पुरवलं याचा तपशील वाचून दाखवला. या दोऱ्यांना किपू म्हणतात. किती लामा, किती कापड, किती मका, किनोआ, बटाटे. किती चपला, मडकी, सरपण, कोळसा, घोड्यांसाठी चारा. कोणत्या मोहिमेला किती पुरुष आणि किती बायका गेल्या, त्यातले किती परतलेच नाहीत. दिलेला माल वेगळा आणि स्पॅनिशांनी लुटून नेलेला माल वेगळा, असे दोन हिशोब होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची नोंद, सालवार, मोहीमवार. ज्या पिझारोला स्वतःची सही धड करता येत नव्हती, त्याच्या सैन्याचा खर्च असा गाठींमध्ये बांधून ठेवलेला होता. पेरूचे इतिहासकार वाल्देमार एस्पिनोसा सोरियानो यांनी हे दप्तर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केलं आणि १६८ जणांच्या गोष्टीला मोठं भगदाड पडलं. ज्या फौजेचं जेवण, ओझं, पादत्राणं आणि बरेचसे लढवय्ये दुसऱ्यांचे, ती फौज १६८ जणांची कशी म्हणायची?

वांका एकटे नव्हते. अताहुआल्पाने चिरडलेले कान्यारी १५३४ मध्ये पिझारोचा सरदार बेनाल्कासार याच्या क्विटो मोहिमेत हजारोंच्या संख्येने उतरले आणि त्यापुढे जवळजवळ प्रत्येक मोठ्या लढाईत स्पॅनिशांच्या बाजूला दिसतात. ईशान्येकडचे चाचापोयाही इंकांवर खार खाऊन होते. पिझारोने नात्याचा धागाही वापरला. अताहुआल्पाने आपली सावत्र बहीण किस्पे सिसा त्याला दिली होती. तिच्यापासून त्याला फ्रान्सिस्का ही मुलगी झाली. किस्पे सिसाची आई कोन्तारवाचो वायलास प्रांताची प्रमुख होती, आणि हे सासर पुढे पिझारोच्या ऐन अडचणीत धावून आलं. माणूस अडाणी होता, पण कोणाचं कोणाशी पटत नाही हे हेरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

दुसरा आक्षेप घोड्यांचा आणि पोलादाचा. तो टाळण्यासारखा नाही. सपाट जागेवर चिलखत घातलेला घोडेस्वार समोरच्या पायदळाला फार भारी पडत असे. काश्याच्या आणि दगडी हत्यारांनी त्याला मारणं महाकठीण होतं. पण हेच जर निर्णायक असतं तर १५३६ साल समजणार नाही. हुआन आणि गोन्सालो या पिझारोच्या भावांनी मान्कोचा छळ केला, सोन्यासाठी त्याला साखळदंडांत अडकवलं, त्याच्या पत्नीवर हात टाकला. मे १५३६ मध्ये मान्कोने प्रचंड फौज जमवून कुस्कोला वेढा घातला. आत दोनशेच्या आत-बाहेर स्पॅनिश होते. त्यांच्या सुटकेसाठी लिमाहून पिझारोने एकामागून एक कुमक पाठवली. मान्कोचा सेनापती किसो युपांकी याने त्या तुकड्यांना अरुंद घाटांत गाठलं, वरून दरडी लोटल्या आणि एकापाठोपाठ चार तुकड्यांचा फडशा पाडला. सुमारे दोनशे स्पॅनिश मेले, म्हणजे काहामार्काच्या त्या सुप्रसिद्ध १६८ पेक्षा जास्त. घोडे तेच होते, पोलाद तेच होतं. कुस्कोजवळच्या साक्साइवामानच्या गढीवर हल्ला चढवताना डोक्यात दगड लागून हुआन पिझारो गेला. पुढे ओयान्तायताम्बोला मान्कोने कालव्यांचं पाणी सोडून मैदान चिखलाने भरलं आणि घोडेस्वारांना माघार घ्यायला लावली. तो स्वतः तोवर पकडलेल्या घोड्यावर बसून भाला चालवायला शिकला होता. हत्यारांचा धाक चार वर्षांत बराच ओसरला होता.

मग मान्को हरला कसा? उत्तर लिमाच्या वेढ्यात आहे. ऑगस्ट १५३६ मध्ये किसो युपांकी डोंगर उतरून पिझारोच्या नव्या राजधानीवर चालून आला. सपाट किनाऱ्यावर स्पॅनिश घोडेस्वारांनी त्याला आणि त्याच्या सरदारांना मारलं, हे खरं. पण लिमाच्या बाजूने किनारपट्टीतले हजारो लोक लढत होते, आणि कोन्तारवाचोने वायलासहून लेकीच्या आणि जावयाच्या मदतीला माणसं पाठवली. ही बाजू मारिया रोस्त्वोरोव्स्की या पेरूच्या इतिहासकार बाईंनी जुन्या साक्षींमधून उजेडात आणली. हाडांचीही साक्ष आहे. लिमाच्या वेशीवरच्या पुरुचुको इथे गियेर्मो कोक यांच्या चमूला २००४ मध्ये सत्तरच्या आसपास माणसांचे सांगाडे मिळाले. नेहमीचे विधी न करता, घाईघाईने, उथळ खड्ड्यांत पुरलेले. त्याच बंडात पडलेली ही माणसं असावीत, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे. एका कवटीला गोळीचं वाटावं असं भोक होतं आणि कडेला लोखंडाचे अंश. मात्र पोलादाच्या किंवा बंदुकीच्या म्हणता येतील अशा जखमा मोजक्याच सांगाड्यांवर निघाल्या. बहुतेकांची डोकी नि बरगड्या फुटल्या होत्या त्या बोथट, जड हत्यारांनी, म्हणजे अँडीजमधल्या लोकांच्याच गदांनी. स्पॅनिश बखरींत घोडेस्वारांचा हल्ला आहे. गदा चालवणारे हात त्यांत क्वचितच दिसतात.

तिसरा आक्षेप रोगराईचा. युरोपातून आलेल्या देवीने आणि गोवराने आधीच देश पोखरला होता, मग हरण्याला दुसरं कारण कशाला हवं, असं म्हणतात. वायना कापाक देवीनेच गेला का, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. साथीचा हात मोठा होता यात शंका नाही : तिने वारस मारला आणि भाऊबंदकीला तोंड फोडलं. नंतरच्या शतकात तर तिने अपरिमित माणसं खाल्ली. नोबल डेव्हिड कुक यांच्या अंदाजाने आजच्या पेरूच्या भूभागात १५२० मध्ये नव्वद लाखांच्या आसपास वस्ती होती. शंभर वर्षांनी ती सहा-सात लाखांवर आली. पण साथ शत्रू-मित्र पाहत नाही. तिने वांकाही मारले आणि इंकाही. साथीने राज्य दुबळं झालं, हे पटतं. पण दुबळं झालेलं राज्य कोणाच्या हाती जाईल हे साथ ठरवत नाही. ते ठरलं कोण कोणाच्या बाजूने उभं राहिलं यावरून.

मग ही मंडळी गोष्टीतून गेली कुठे? विजयाची अधिकृत हकिकत लिहिली पिझारोचा चिटणीस फ्रान्सिस्को दे हेरेस याने, आणि ती १५३४ मध्येच सेव्हिया शहरात छापून निघाली. त्यानंतर प्रत्येक शिपायाने राजाला अर्ज केले. जहागीर मागणाऱ्याला 'आम्ही थोडे होतो, शत्रू अगणित होते' असंच लिहिणं भाग होतं. बरोबर हजारो वांका होते असं लिहिलं तर बक्षीस वाटून द्यावं लागलं असतं. दुसऱ्या बाजूची कागदपत्रं मात्र शतकानुशतकं दप्तरांत पडून राहिली. वांकांचे दावे न्यायालयाच्या गठ्ठ्यांत गेले. ग्वामान पोमा या अँडीजमधल्या लेखकाने १६१५च्या सुमारास स्पेनच्या राजासाठी सुमारे बाराशे पानांचं, चारशेच्या आसपास चित्रांचं हस्तलिखित तयार केलं. ते १९०८ मध्ये कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडलं. जे आधी छापलं गेलं तोच इतिहास ठरला.

शेवटचा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात सहज येईल असा आहे : म्हणजे पेरू फितुरीने बुडाला म्हणायचं? नाही. फितुरी करायला आधी इमान असावं लागतं. वांकांच्या किंवा कान्यारींच्या दृष्टीने इंका हे कालपरवा आलेले परके राज्यकर्ते होते. 'आपण सगळे अमेरिकेचे मूळ रहिवासी आणि हे युरोपीय' अशी जाणीव तेव्हा कोणालाच नव्हती; असायचं कारणही नव्हतं. आणि वांका फितूर ठरवायचे तर मान्कोला काय म्हणाल? त्यानेही १५३३ मध्ये आपल्या शत्रूविरुद्ध पिझारोचाच हात धरला होता. प्रत्येक जण समोर दिसणाऱ्या जुन्या वैऱ्याचा हिशोब चुकता करत होता. या परक्यांच्या मागून जहाजं भरभरून माणसं येणार आहेत, आणि ती परत जाण्यासाठी येणार नाहीत, हे कळण्याइतकी माहिती त्यांच्याकडे नव्हती. यामुळे स्पॅनिशांचा दोषही कमी होत नाही. काहामार्काची कत्तल, चाल्कुचिमाकला जिवंत जाळणं, मान्कोच्या पत्नीला मारणं, ही पापं ज्याची त्याच्या पदरात. उलट १६८ जणांच्या गोष्टीत अँडीजमधली माणसं फक्त मरायला येतात. या दुसऱ्या गोष्टीत त्यांना डोकं आहे, हेतू आहेत, चुका आहेत.

दुसऱ्यांच्या भांडणांवर मोठा झालेला पिझारो स्वतःच्या घरच्या भांडणात मेला. डावलला गेलेला आल्माग्रो चिलीच्या मोहिमेहून रिकाम्या हाताने परतला आणि १५३७ मध्ये त्याने कुस्को बळकावलं. पुढच्या वर्षी लास सालिनासच्या लढाईत पिझारोच्या भावांनी त्याला हरवलं आणि कैदेत मारलं. २६ जून १५४१ रोजी आल्माग्रोची माणसं लिमातल्या वाड्यात घुसली आणि त्यांनी पिझारोला तलवारींनी भोसकलं. लिमाच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा म्हणून काचेच्या पेटीत ठेवलेला देह वर्षानुवर्षं लोक पाहत आले. १९७७ मध्ये तळघरात त्याच्या नावाची शिशाची पेटी आणि तलवारींच्या खुणा असलेली हाडं निघाली, तेव्हा तो देह भलत्याचाच होता हे कळलं. पिझारो मेल्यावरही युद्ध चालूच राहिलं. मान्कोने जंगलात विल्काबाम्बाला मांडलेलं राज्य त्याच्या मुलांनी चालवलं. १५७२ मध्ये त्यावर शेवटची मोहीम गेली, तेव्हा अडीचशेच्या आसपास स्पॅनिशांबरोबर सुमारे दोन हजार स्थानिक लढवय्ये होते, त्यांत कान्यारीही. शेवटचा इंका तुपाक आमारू याला कुस्कोच्या चौकात मारण्यात आलं. मान उडवणारा जल्लाद कान्यारी होता, असं समकालीन हकिकत सांगते.

मित्रांच्या पदरात काय पडलं? वांका प्रमुखाचा मुलगा फेलिपे ग्वाक्रा पाउकार स्पेनला गेला आणि राजाकडून मानचिन्ह घेऊन आला. कुस्कोतल्या कान्यारींना करमाफी मिळाली. पण त्याच १५७०च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी सक्तीची मजुरी बांधून दिली आणि स्पॅनिश राज्यात 'इंडियन' म्हणून एकच खालची पायरी उरली. तिच्यावर जेते मित्र आणि पराभूत इंका शेजारी शेजारी बसवले गेले. लिमात पिझारोचा अश्वारूढ पुतळा १९३५ मध्ये उभा राहिला, २००३ मध्ये मुख्य चौकाजवळून हलवला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चौकाच्या जवळ आणला गेला. तो ठेवावा की काढावा हा वाद पेरूच्या लोकांनी सोडवायचा आहे. पण ठेवा म्हणणारे आणि काढा म्हणणारे दोघेही त्या एकट्या घोडेस्वारालाच पेरूचा विजेता धरून चालतात, आणि तेच चूक आहे. पेरूच्या पाडावाला एकच साल द्यायचं तर १५३२ पेक्षा १५७२ अधिक खरं आहे, आणि त्यापुढे नावं लिहायची तर पिझारोच्या बरोबरीने वांका, कान्यारी, चाचापोया आणि वायलास ही नावंही लिहिली पाहिजेत.